चार शब्दांसाठी सोलापूर

सोलापूरला जायचं ठरलं ते एका टॉवेलमुळे. मी पुण्यात कापडी पिशव्या विकते. सगळ्यात जास्त खपणाऱ्या पिशवीवर मी काढलेली किटली आहे आणि खाली चार शब्द, ‘आधी चहा, मग बघू’. तेच शब्द विणलेल्या सोलापुरी टॉवेलचा फोटो एका ग्राहकानं पाठवला. डोकंच फिरलं माझं.

सकाळी सहाची एसटी धरली. रस्ता झकास. टेंभुर्णीला गाडी थांबते, पण तिथला वडा यथातथाच, तेव्हा डबा न्या. साडेअकराला सोलापूर. स्टँडवरून नवी पेठेपर्यंत रिक्षाचे ऐंशी रुपये गेले. घासाघीस करून बघा, मला काही जमली नाही.

नवी पेठेत वैशाली भेटली. कॉलेजची मैत्रीण, आता इथं वकिली करते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता (थाळी दीडशे, दही मागून घ्या) तिनं निकाल लावला.

“चार शब्दांवर कॉपीराइट मिळत नाही गं. तुझी किटली उचलली असेल तर बोल. ट्रेडमार्क घेतलायस?”

नव्हता घेतला. तरी फोटोतल्या लेबलवरच्या पत्त्यावर गेलो.

शहराच्या पूर्वेला दोन मागांचा छोटा कारखाना. मालक नरसय्या, पन्नाशीचे. बायकोशी तेलुगूत बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि खडखडाटामुळे दोन्ही ओरडूनच. मी पिशवी पुढे केली.

“किटली कुटं हाय माझ्यात?” त्यांनी आलेखाचा कागद पसरला. एकेक चौकट भरून काढलेली अक्षरं, ‘च’ची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची. “पयल्या खेपेला मागावरची नक्षीची भोकाभोकांची कार्डं उलटी लागली. सगळा माल आरशात बघून वाचायचा! बायकोनं लई झापलं.”

“शब्द कुठून घेतले?”

“तुमच्याच पिशवीवरनं की. पुतणीनं आनली होती. आवडले.” मग पिशवी हातात घेऊन म्हणाले, “तुमचे हायत तर इचारायला पायजे होतं. चुकलं. बंद करू?”

वैशालीनं माझा हात दाबला. कायद्यानं त्यांच्यावर कसलीच सक्ती नव्हती. मी ‘करा’ म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथं माग थांबवला.

रात्री घरी पोचले, बाबांना सगळं सांगितलं. जिंकून आल्याच्या तोऱ्यातच होते मी. ‘आधी चहा, मग बघू’ हे वाक्य बाबा रोज बोलतात, माझ्या जन्माच्या आधीपासून.

“भला माणूस दिसतो,” बाबा हसत म्हणाले. “तू कुठं मला विचारलं होतंस?”

लाज वाटली. सकाळी उठल्या उठल्या नरसय्यांना फोन लावला आणि माग चालू करा म्हणून सांगितलं.