आकडे नाहीत, म्हणजे मादी

आमचा दादा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर वेगळे. ते जबड्याचं माप घेऊन पाठवतात आणि नाव कमावतात. माप आलं की प्लास्टरचा साचा काढणं, गुलाबी मेणात एकेक दात बसवणं, घासणं, चकाकी आणणं, हे सगळं दादा मागच्या खोलीत एकटा करायचा. आख्ख्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचं हसू त्या खोलीतून बाहेर पडलं. तो स्वतः मात्र फारसा हसला नाही, आणि वहिनी गेल्यावर तर मुळीच नाही.

मी त्याची धाकटी बहीण, वरच्या मजल्यावर राहते. मला त्याची एक गोष्ट आवडायची. कवळीत तो सगळे दात ओळीने सरळ लावत नसे. एखादा किंचित तिरका ठेवायचा. म्हणायचा, "अगदी सरळ लावले की खोटं लगेच ओळखू येतं." एरवी त्याच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि त्या सरळपणानेच तर त्याचं सगळं वाटोळं केलं.

त्याचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना बापाच्या गळ्यात एक कोळी मारून गेला. साधासुधा नाही, झाडावर राहणारा टॅरँट्युला, तळहाताएवढा, अंगभर केस. उभी काचेची पेटी, आत झाडाची साल, चार पानं आणि त्यांच्या आड जाळ्याची नळी. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं!

"बाबा, ही मादी आहे," भाचा म्हणाला होता. "नर लवकर मरतात, मादी बारा-पंधरा वर्षं जगते. तेवढी सांभाळा. हिच्यासाठी तरी मला परत यावंच लागेल."

शेवटचं वाक्य तो हसत हसत बोलला. दादाने ते गाठीला बांधून ठेवलं.

दादाला आधी झुरळाचीसुद्धा शिसारी यायची. पण महिन्याभरात तो चिमट्याने नाकतोडे भरवायला लागला, पानांवर पाणी फवारायला लागला. त्याने तिचं नाव राणीसाहेब ठेवलं. पेटी कामाच्या टेबलाशेजारी आणली. एका बाजूला दात, दुसऱ्या बाजूला कोळी. मी चहा घेऊन आत जायची तर माझ्या अंगावर काटा यायचा.

दर रविवारी भाच्याचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "राणीसाहेब कशा आहेत?" दुसराही तोच. बापाचा गुडघा सुजून भोपळा झाला होता, त्याची चौकशी तिसऱ्या नंबरावरही नव्हती. मी चिडायची. "दादा, हा तुला फोन करतो की कोळ्याला?"

"कोणाला का करेना. करतो ना?" दादा म्हणायचा. शनिवारपासूनच तो काय काय सांगायचं ते मनात जुळवत बसायचा.

मग राणीसाहेबांनी कात टाकली. बरेच दिवस नळीचं तोंड बंद करून त्या आत बसल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा मला तर त्या आजारी वाटल्या. पाय लांबुडके, पोट बारीक, रंगही फिका. भाच्याला कळवलं तर तो फोनवर घाईघाईने म्हणाला, "बाबा, पुढच्या पायांना आतून आकडे आलेत का बघा. नर वयात आला की शेवटची कात टाकताना आकडे येतात. मग तो वर्षभरसुद्धा टिकत नाही."

दादाने कामाचं भिंग डोळ्याला लावलं. किती तरी वेळ तो काचेला नाक लावून बसला होता. मग फोनवर म्हणाला, "आकडे नाहीत."

"नाहीत? मग मादीच. सुटलो बुवा!" भाचा म्हणाला. दादाने भिंग काढून टेबलावर ठेवलं.

पण राणीसाहेबांचं लक्षण काही ठीक दिसेना. दिवसाउजेडी काचेवरून वरखाली फिरायच्या. समोर सोडलेला नाकतोडा पायावर चढला तरी ढुंकून बघायच्या नाहीत. शेवटी मीच दादाला हाताला धरून किडेवाल्याकडे नेलं. हा मासे, पक्ष्यांचं दाणापाणी आणि जिवंत नाकतोडे विकणारा. दादाच्या मोबाइलमधला फोटो त्याने दोन बोटांनी मोठा केला.

"काका, हा नर आहे. पूर्ण वयात आलेला."

"आकडे नाहीत ना पण!" मी म्हणाले.

"या जातीच्या नराला आकडे येतच नाहीत, मावशी. सगळे तिथेच फसतात. हे तोंडाजवळचे दोन छोटे पाय बघा. टोकाला गोळे आहेत, मुठी आवळल्यासारखे. मादीला असे नसतात. आता हा मादी शोधत फिरणार, खाणं सोडणार, आणि काही महिन्यांत संपणार."

दादाने मोबाइल खिशात घातला, नाकतोड्यांचा डबा घेतला आणि चालायला लागला. त्याला धक्का बसलेला दिसला नाही. रस्त्यात मी त्याला थांबवलं.

"तुला माहीत होतं?"

"कात टाकली त्याच दिवशी दिसलं. मोबाइलवर सगळं बघून ठेवलं होतं मी. दाताची कड बघून बघून डोळे तयार झालेत माझे, ते गोळे दिसणार नाहीत होय?"

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"त्याने आकडे आहेत का विचारलं. नाहीत म्हणून सांगितलं." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "नर आहे कळल्यावर तो काय विचारायला फोन करेल, सांग बरं?"

मी उचलली जीभ लावली टाळ्याला अशी बाई. पण त्या दिवशी मी त्याच्या हातातला नाकतोड्यांचा डबा घेतला आणि घराकडे वळले.

पुढच्याच रविवारी भाच्याने बातमी दिली. त्याच्या तिकडच्या मित्राकडे याच जातीचा नर होता. "सुट्टीत येतो बाबा, राणीसाहेबांना घेऊनच जातो. परवान्याचं वगैरे मी बघतो. पिल्लं होतील!" इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच येतो म्हणाला होता. दादाने मुलाची खोली झाडली. पडदे धुतले. गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकली, तीसुद्धा सुजल्या गुडघ्याने, मला हाकही न मारता.

"गप्प बस आता," मीच त्याला सांगितलं. हो, मीच! "येऊ दे एकदा घरी. आल्यावर कळलं तर कळलं. परत विमानात थोडाच बसणार आहे लगेच?"

दादा मेणात दात बसवत होता. हातातला दात खाली ठेवून म्हणाला, "तेच ठरवलं होतं. पण मग तो कोणासाठी आला ते मला कधीच कळणार नाही."

"दादा, नको रे." सांगून सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या. पण पालथ्या घड्यावर पाणी. त्याला बघायचं होतं, की कोळी नसला तरी पोरगा येतो का. मला उत्तर ठाऊक होतं, म्हणून तर मी त्याला अडवत होते.

रविवारी फोन वाजला. दादाने तो स्पीकरवर टाकला. घसा खाकरून म्हणाला, "अरे, ऐक. तो नर आहे. या जातीला आकडे नसतात. सुट्टीपर्यंत तो काही टिकायचा नाही."

तिकडून आवाज आला, "छ्या! नक्की?"

"नक्की. गोळे आहेत."

"शी, एवढी वर्षं फुकट. तरी बरं झालं आत्ताच सांगितलंत, बाबा. आज तिकीट काढणारच होतो."

माझे हात शिवशिवले. तो समोर असता तर एक ठेवून दिली असती.

दादा म्हणाला, "हो ना. म्हटलं, उगीच तुझी दगदग नको."

"पेटी कोणाला तरी देऊन टाका नंतर. जागा अडते."

"देतो," दादा म्हणाला. फोन ठेवल्यावर तो गच्चीवर गेला आणि गादी खाली घेऊन आला. या वेळी दुसरं टोक मी धरलं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी काम फार आहे असा निरोप आला. मग निरोपही थांबले. कोळी मात्र चिवट निघाला. पाय थरथरत होते तरी काचेवरून वर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा, त्या खोलीत कधीच नसलेली मादी शोधत. दादा त्याला अजून राणीसाहेबच म्हणायचा. पानांवर पाणी फवारून तो रविवारी मोबाइल टेबलावर, दातांच्या शेजारी ठेवायचा आणि कामाला बसायचा.

एका सकाळी कोळी पेटीच्या तळाशी पाय आखडून पडलेला दिसला. दादाने नाकतोडे भरवायच्या त्याच चिमट्याने त्याला उचललं, कवळीच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि झाकण लावलं.

"कळवायचं का त्याला?" मी विचारलं.

"विचारलं की सांगू," दादा म्हणाला.

डबी अजून कामाच्या टेबलावर आहे. त्याने अजून विचारलेलं नाही.