रायली काय म्हणाली

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. तो गेला त्या दिवशी जिभेवर आलं होतं, गिळलं. मुलीला नाही. देवापुढेही नाही — तिथे हात जोडून मी दुसरंच काहीतरी बोलत राहिले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. धीर म्हणतात तो हा नव्हे.

साठच्या दशकातली गोष्ट. शहाद्याजवळच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. वडील जंगलखात्यात नाकेदार, म्हणून माझं लहानपण तोरणमाळच्या चढावरच्या एका पाड्यात गेलं, पावरा आदिवासींच्या पोरींबरोबर. त्यांची भाषा मला शाळेच्या मराठीआधी आली. दवाखान्यात ती समजणारी मी एकटीच.

मुंबईहून एक डॉक्टर आले. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायांच्या पाठीचा अभ्यास करायला. आता म्हणे मणक्यांमधल्या चकत्या सोनोग्राफीनेही तपासून बघतात; आमच्याकडे भिंतीला ठोकलेली लाकडी पट्टी होती. ओझ्याने त्या चकत्या दबतात, माणूस सुतासुताने बुटका होतो, आडवं पडलं की पुन्हा वाढतो — हे त्यांनी मला समजावलं. सकाळी बाईची उंची मोजायची. मग डोक्यावर लाकडाची मोळी देऊन आवारात फेऱ्या — कधी ताठ, कधी वाकून. मग पुन्हा मोजायचं. दर दिवशी वजन थोडं वाढवायचं. माणूस चांगला होता. प्रत्येक मोळीआधी मला म्हणायचे, तिला विचारा, कुठे दुखतं का, मुंग्या येतात का. हो म्हणाली तर तिथेच थांबायचं.

रायली त्या बायांमधली. आम्ही लहानपणी एकत्र चारोळ्या वेचलेल्या. ती आली तीच मुळी माझ्या शब्दावर. शेतीची कामं निघाली तशा बाकीच्या बाया एकेक करून परतल्या. शेवटच्या वजनापर्यंत पोचलेली ती एकटी. तिची मापं राहिली तर सगळंच अर्धवट राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि काम पुरं झालं की मुंबईत पुढे शिकायला माझं नाव सुचवीन, असंही. हे कारण म्हणून सांगत नाही. की सांगतेय?

त्या सकाळी मी तिला विचारलं. ती तिच्या भाषेत म्हणाली, "कालपासून डावा पाय माझा नाही. कंबरेतून कळ निघते ती खाली जाते."

डॉक्टर पेन उघडून थांबले होते. "काय म्हणते?"

"काही त्रास नाही म्हणते."

इतकं सोपं होतं ते. माझा आवाजसुद्धा हलला नाही. आणि तिला मी काय सांगितलं? आजचा दिवस कर, डॉक्टर म्हणतात, मग सुट्टी. डॉक्टर असं काहीच म्हणाले नव्हते.

आमची आया दगडाबाई आवार झाडत होती. दुसऱ्या फेरीला ती माझ्याजवळ आली. "बाई, तिना पाय घसटी ऱ्हायना." पाय घसटत होता, मलाही दिसत होतं. मी तिला आत भांडी उकळायला पाठवलं.

तिसऱ्या फेरीला रायली खाली बसली. पडली नाही — बसली, मोळी दोन्ही हातांनी धरूनच. मग तिला उठता येईना.

खाटेवर डॉक्टर तिच्या पावलाला टाचणी टोचून बघत होते. तिला कळत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मला विचारलं, आधी काही म्हणाली होती का ही?

"नाही."

हा शब्द रायलीला येत होता. बाजारात ऐकून ऐकून. तिने मान वळवली. "मी तुला सांगितलं होतं," म्हणाली. रागाने नाही — मी विसरले असेन, आठवण करून द्यावी, तशी.

"काय म्हणते?"

"पाणी मागतेय."

मी पाणी आणलं. तिची मान उचलून तिला पाजलं. ती प्यायली.

तिला झोळीतून वर पाड्यात नेलं. पाऊल लोंबतं राहिलं ते कायमचं. त्या चढावर तसल्या पावलाने बाई कशी जगते, हे मला कुणी सांगायला नको. डॉक्टरांनी अभ्यास सोडून दिला, दोष स्वतःवर घेतला. माझं नाव मात्र सुचवलं. मी गेले. शिकले. पुढे कितीतरी वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवत राहिले — रोगी बोलेल तो शब्द न् शब्द डॉक्टरांपर्यंत पोचवा. कोणत्या तोंडाने?

पुष्कळ वर्षांनी शहाद्याच्या एसटी स्टँडवर ती दिसली, सुनेचा खांदा धरून. मी पदर पुढे ओढला, तरी तिने ओळखलं. चार पावलांचं अंतर — किती वेळ लागला तिला. जवळ येऊन विचारलं, बरी आहेस का?

बरी आहे, म्हणाले. तिच्याच भाषेत.

ती उभी राहिली. मी आणखी काही बोलेन म्हणून असेल. माझी नंदुरबारची गाडी लागली होती. मी चढले, आणि तिला दिसणार नाही अशा बाजूला जाऊन बसले.