वर्तमान क्षण आणि सात नंबरची प्रेस

चाकणच्या आमच्या कंपनीत मी ट्रेनिंग विभागात आहे. काम काय, तर साहेब लोकांचं इंग्रजी कामगारांच्या गळी उतरेल अशा मराठीत करायचं. सुरक्षेची शपथ, हेल्मेटच्या पाट्या, कँटीनमधल्या सूचना, सगळी मराठी माझी. त्यामुळे मागे आमच्याकडे 'माइंडफुलनेस' आलं, तेव्हा त्याचं बारसंही माझ्याच गळ्यात पडलं. मी 'सजगता' असं लिहून दिलं. शब्दात काही वाईट नाही. तो ज्या तोंडांतून पुढे महिनाभर ऐकावा लागला, त्या तोंडांचा मला अजून राग आहे.

ते आलं कशामुळे, ते आधी सांगते. आम्ही मूळचे कुरुळीचे. जिथे आमची ज्वारी उभी असायची तिथे आता शेड उभ्या आहेत, आणि राहिलेल्या तुकड्यावर वडिलांनी भाड्याच्या खोल्या काढल्या. त्यातल्या एकीत लातूरकडचं एक कुटुंब राहतं. दोघे भाऊ, दोघी जावा, मोठीची एक मुलगी. मोठीला मी वैनी म्हणते, ती मला ताई. ती आमच्याच कंपनीत प्रेस शॉपला होती, सात नंबरच्या प्रेसवर. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढून दोन्ही बटणं दाबायची, वरून ठोका बसतो, तयार पार्ट काढून घ्यायचा. समोर एक सेन्सर असतो. हात आत असला की त्याने मशीन थांबवायचं. आमच्या सात नंबरचा सेन्सर उगाच मध्येमध्ये मशीन थांबवत होता, प्रॉडक्शन मागे पडत होतं, म्हणून वरून निरोप आला आणि तो बंद करून टाकला. शॉपमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

आणि एका सकाळी वैनीच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली.

आमच्याकडे अपघात झाला की 'व्हाय-व्हाय' करतात. एकामागून एक पाचदा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं, अशी पद्धत. पद्धत खरोखर हुशार आहे. फक्त आमचे साहेब लोक ती एसीत बसून करतात आणि ज्याला लागलं त्याला बोलावत नाहीत. बोट का गेलं? हात आत होता. हात आत का होता? लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? घरचे विचार डोक्यात होते. ते का होते? गेटबाहेर ठेवून आली नाही. ते का? मनाला सवय नाही. झालं, पोचले मुळाशी. उपाय काय, तर मनाची सवय. सेन्सरचं नावही त्या चर्चेत निघालं नाही. मी प्लांट हेडसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन ते काढलं, तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही ट्रेनिंगमध्ये आहात. जरा पॉझिटिव्ह राहा."

हे सगळं मी घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आगं, पन त्या मशीनीला ध्यान हाय का? का समदं ध्यान मान्सानंच लावायचं?" तितक्यात बाहेरून वैनीची धाकटी जाऊ आली, कंपनीतून. नव्याने लागली होती. तोंडावर हसू होतं. तिला जागा मिळाली होती कायमची, प्रेस शॉपला. कुठली प्रेस, विचारलं तर सात नंबर.

वैनी उंबऱ्यावर बसली होती, पट्टीचा हात मांडीवर ठेवून. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. जाऊ अठरा-एकोणीसची, चुळबुळी, बोलघेवडी. सेन्सर तसाच बंद, आणि आता ही त्याच्यापुढे उभी राहणार.

प्रशिक्षक आले ते पुण्याहून. कांद्याच्या बाजाराचा दिवस होता, ट्रकांनी चौक तुंबवला होता, त्यामुळे स्वारी तासभर उशिरा. गेटवर उतरल्या उतरल्या त्यांनी ड्रायव्हरला फोनवर असं काही झाडलं की वॉचमनसुद्धा खुर्चीतून उठला. मग आत येऊन कँटीनमध्ये डोळे मिटून म्हणाले, इंग्रजीत, कारण मराठी त्यांना येत नव्हतं, की शांतता ही आपल्या आतच असते. मी मराठी केलं. हसू दाबायला मला कष्ट पडले.

त्यांना 'सर' म्हटलेलं चालत नव्हतं, मित्र म्हणा म्हणायचे. सगळे सर म्हणत राहिले. त्यांनी सगळ्यांना बूट काढून चटईवर बसवलं. पहिल्या शिफ्टचे सेफ्टी शूज, त्यात दिवसभर शिजलेले मोजे. आणि हे म्हणाले, आता फक्त श्वासाकडे लक्ष द्या. मागून कोणीतरी म्हणालं, "भावा, नको रे." तेवढी एकच गोष्ट त्या महिन्यात मनापासून हसण्यासारखी होती.

बाकी शब्दांचा नुसता बाजार. मी रोज एकेक शब्द मराठीत उतरवत होते आणि आमच्या प्लांटमध्ये त्याचा अर्थ काय होतो ते बघत होते. 'लेट गो' म्हणजे ओव्हरटाइमचा विषय काढू नका. 'कृतज्ञता' म्हणजे कँटीनच्या डाळीत पाणी किती, ते विचारू नका, डाळ आहे याचा आनंद माना. 'साक्षीभाव' तर साहेबांना इतका आवडला की मीटिंगमध्येही म्हणायला लागले. वर्षानुवर्षं सेन्सर बंद बघून गप्प बसले होते, याला आता एक भारदस्त नाव मिळालं. आणि 'स्वीकार'. हा शब्द मी लहानपणापासून कीर्तनात ऐकलाय. ज्यांनी सांगितला त्यांनी आधी स्वतःचं काहीतरी सोडलं होतं. इथे सांगणारा काहीच सोडत नव्हता, दुसऱ्याला मात्र सोडायला लावत होता. ध्यानाला माझी ना नाही. पण नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाने दोन बोटं गेलेल्या बाईला स्वीकार शिकवावा, याची मला किळस आली.

शेवटच्या दिवशी 'मनमोकळं वर्तुळ' होतं. सगळ्यांनी गोल बसायचं, सरांनी पिशवीतून एक गुळगुळीत गोटा काढला. नियम असा की गोटा ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, खोडायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. ज्याचं झालं त्याने हवं त्याच्या हातात गोटा द्यायचा. प्लांट हेडसाहेबही वर्तुळात बसले, फोटोग्राफर बोलावला होता म्हणून. वैनीला खास बोलावलं होतं. तिची सुट्टी चालू होती, तरी गाडी पाठवली. आदल्या दिवशी सरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं की त्या बाईंनी आपल्या तोंडाने म्हटलं की त्या क्षणी माझं मन दुसरीकडे होतं, तर सगळ्यांना फार शिकायला मिळेल आणि त्यांची जखम आतून भरेल. मी वैनीला हा निरोप जसाच्या तसा सांगितला, आणि वर माझं म्हणून सांगितलं की तू असलं काही म्हणू नकोस. ती म्हणाली, "बघते की." बस, तेवढंच.

दोघातिघांनी ठरल्याप्रमाणे कृतज्ञता व्यक्त केली. मग गोटा वैनीकडे आला. तिने तो उजव्या हातात घेतला. पट्टी निघाली होती. राहिलेल्या बोटांत तो नीट बसेना, म्हणून डाव्या हाताने खालून आधार दिला. जाऊ समोरच बसली होती, शिफ्ट संपवून आलेली.

"माझं ध्यान कुठंच गेलं नव्हतं," वैनी म्हणाली. "मशीन डबल मारायली म्हणून मी आधल्या दिवशी सांगितलं होतं. सुपरवायझरला सांगितलं, मेंटेनन्सला सांगितलं. बटनावरून हात काढले, पार्ट काढायला आत घातले, आन् ती आपल्या आपण परत खाली आली. मी बघतच होते. सगळं बघितलं मी. डोळे झाकले नव्हते."

मी इंग्रजी करत होते. एक शब्द मऊ केला नाही. साहेब हलले आणि म्हणाले, "एक मिनिट, हा टेक्निकल विषय आहे, तो आपण..." आणि इथे त्या प्रशिक्षकाने आयुष्यातलं पहिलं उपयोगाचं काम केलं. त्याने डोळे मिटलेल्या मुद्रेतच तळहात वर केला. गोटा साहेबांकडे नव्हता. नियम म्हणजे नियम. साहेबांनी तोंड मिटलं. फोटोग्राफरपुढे दुसरं करणार काय?

वैनी बोलत राहिली. सेन्सर कधी बंद झाला, कोणाच्या निरोपाने झाला. आवाज चढवला नाही, रडली नाही. मग जाऊकडे बघून म्हणाली, "आता ही उभी राहायली तिथं."   मग उठली, वर्तुळ ओलांडून साहेबांपुढे गेली.

"साहेब, तुमी चला माझ्यासंगं. आत्ता. सात नंबर चालूच हाय. तुमी हात आत ठेवा, मी बटनाला हात लावत नाय. नुसतं उभं राहते. तुमी वर्तमान क्षणात राहा."

आणि गोटा त्यांच्या हातात दिला.

मी ते इंग्रजीत केलं, अगदी सावकाश, सरांना नीट समजावं म्हणून. सरांचे डोळे उघडले. साहेबांच्या हातात गोटा होता, बोलायची पाळी त्यांची होती, आणि नियमाप्रमाणे आम्ही सगळे ऐकायला तयार होतो. शॉपची शंभरेक माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वैनीच्या त्या हाताकडे त्यांनी एकदा बघितलं, मग गोट्याकडे, मग तो जमिनीवर ठेवून निघून गेले. मला आनंद झाला. लपवत नाही, फार आनंद झाला.

त्याच दिवशी सात नंबर बंद केली. आठवडाभरात नवा सेन्सर आला, बाकीच्या प्रेसचेही तपासले. कोणी माफी मागितली नाही. वैनीला पॅकिंगला हलकं काम दिलं, आणि हे आपण दिलं म्हणून साहेब अजून सांगतात.

मग नोटीस बोर्डावर मोठा फोटो लागला. गोल बसलेली माणसं, मध्ये प्रशिक्षक, मिटलेल्या डोळ्यांनी. खाली मजकूर इंग्रजीत होता: सजगतेच्या प्रशिक्षणामुळे प्रेस शॉप अपघातमुक्त. मराठी करायला माझ्याकडे आला. मी सांगितलं, माझ्याकडून होणार नाही, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. त्यांनी मोबाइलवरून करून घेतलं आणि तसंच लावलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लाज न्हाई वाटत व्हय त्यांना?" नाही वाटत, आई.

आता सगळं सुरळीत आहे असं म्हणतात. जाऊ त्याच प्रेसवर आहे, चांगली चालवते, सेन्सर काम करतो. दुपारी शिफ्ट सुटली की कंपनीची बस आमच्या बोळाच्या तोंडाशी थांबते. वैनीची सुट्टी असेल त्या दिवशी ती आधीपासून उंबऱ्यावर येऊन बसते. जाऊ बडबडत आत येते, डबा खाली ठेवते. वैनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेते, उलटेसुलटे करून बघते, आणि मग तिला पाणी देते.