ब्लॉगवरची पहिली जाहिरात

आमच्या ह्यांचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा दौंडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "औषधं देतो, पण आधी त्या कंपनीत जाणं बंद करा." सांगायला काय जातंय! हे कुरकुंभला केमिकल कंपनीत, तेही ठेकेदाराकडं. कायम नाहीत, रजा नाही, आणि घर सगळं त्याच पगारावर. पाळीवरून आले की भिंतीला टेकून बसायचे. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. मी पलीकडं कॉम्प्युटरसमोर बसून तो खोकला ऐकायची. डोक्यात एकच, ह्या माणसाला तिथून बाहेर काढायचं.

माझ्याकडं होता एक ब्लॉग. लाइट कधी जाणार, कांद्याला काय भाव मिळाला, न्हावऱ्याची एसटी चालू आहे की बंद, असलं दौंड-शिरूरचं मी रोज लिहायची. वाचणारेही होते. पुण्यात शिकणारी पोरं, दुबईला गेलेले गाववाले, इथल्या सायबर कॅफेत बसणारे. पण ब्लॉगवर आपोआप येणाऱ्या जाहिरातींतून चहाचेसुद्धा पैसे सुटत नव्हते. मग एका वाचकानं मेल केला की ती जागा तुम्हीच थेट दुकानदारांना विका, मध्ये कुणी नको, पैसे सगळे तुमचे. मला तर हर्षवायूच व्हायचा राहिला. दहा-बारा दुकानं धरली तरी ह्यांचा पगार निघत होता.

पानाची प्रिंट काढली, कडेला जाहिरातींचे चौकोन आखले आणि बाजारपेठेत शिरले. पहिलं दुकान मिठाईचं, मालक ओळखीचे. किती लोक पान उघडतात, जाहिरात कुठं दिसेल, सगळं पाठ करून गेले होते. त्यांनी निम्म्यातच गल्ला उघडला.

"कुठल्या मंडळाचं, वहिनी?"

"मंडळाचं नाही हो. इंटरनेटवर असतं हे."

"असू द्या, असू द्या." त्यांनी एक नोट पुढं केली. "आन् आमचं नाव तेवढं छापू नका. छापलं की बाकीची मंडळं दारात हुबी ऱ्हात्यात."

घ्या! जाहिरात विकायला गेले आणि वर्गणी घेऊन बाहेर पडले. आमच्याकडं गणपती असो की जत्रा, अहवालातली जाहिरात म्हणजे वर्गणीच. तिच्यानं गिऱ्हाईक येतं, असं देणाऱ्याच्या मनातही नसतं. कापडवाल्यानं तेच केलं, भांडीवाल्यानंही तेच. शिरूरला गेले तर तिथंही तीच गत, वर एकानं विचारलं, आरती किती वाजता. कुणी वाईट बोललं असतं तर भांडले असते, मी काय ऐकून घेणारी नव्हे. पण माणसं चांगली होती, चहा पाजत होती. शिरूरच्या स्टँडवर बाकड्यावर बसून मी रडले, येणारेजाणारे बघत होते तरी रडले. पर्समध्ये नोटा होत्या आणि ब्लॉगवर एकाही दुकानाची जाहिरात नव्हती. पुढच्या महिन्यात कुठल्या तोंडानं जाणार होते परत?

घरी आल्यावर हेच म्हणाले, "आमच्या ठेकेदाराला इचारू का? त्याला माणसं लागत्यात कंपनीत."

आणि ठेकेदार हो म्हणाला! गल्ला न उघडता त्यानं रीतसर विचारलं, कुणाला दिसेल, किती दिवस राहील. 'हेल्पर पाहिजेत, शिक्षणाची अट नाही, गेटवर भेटा.' मी ती सगळ्यांत वर टाकली. सायबर कॅफेवाल्यानं आपणहून प्रिंट काढून दारावर चिकटवली. ह्यांनी पहिल्यांदा माझ्या शेजारी खुर्ची ओढून ती जाहिरात वाचली. "झ्याक दिसतीया," म्हणाले. आता एकाचं बघून दहा येतील, असं मी त्यांना सांगितलं, आणि मला ते खरंच वाटत होतं.

त्याच आठवड्यात हे भरदुपारी घरी आले. पाळी सुटायला अजून अवकाश होता. मला वाटलं, चक्कर आली असेल. पाण्याचा तांब्या दिला, तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

"गेटवर जत्रा भरलीया पोरांची," ते म्हणाले. "पाटसपासनं, पार पाबळपासनं आल्यात. धडधाकट, ईस-बाईस वर्साची. कमी पगारात तयार हायेत. ठेकेदार म्हनला, तू आता आराम कर."

ह्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. नुसते खोकत बसले.

तेवढ्यात फोन वाजला. ठेकेदारच होता, आवाज एकदम खुशीत. "ताई, लई गुण आला बघा जाहिरातीचा! पुढच्या म्हैन्यात अजून माणसं बदलायचीत. आमची जागा दुसऱ्या कुनाला देऊ नका. ठेवू का चालू?"

शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या. हे माझ्याकडं बघत होते. घरात आता दुसरं काहीच येणार नव्हतं.

"ठेवा," मी म्हणाले.