साहेब येणार म्हणून माग उचलला

शेळगावला जायचं ठरलं ते मामांच्या फोनवरून. नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं, पण आमच्या घरी फोन नव्हता, खालच्या वाण्याकडे यायचा. मामा एसटीडी बूथमधून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असे ओरडत होते, "साहेब येणार हायती पाहणीला. तू ये. घरचं कुणीतरी बोलणारं पायजे."

मामा घोंगड्या विणायचे. आजोळी पूर्वी मेंढरं होती. ती गेली, रानात ऊस आला, पण ओसरीतला माग मामांनी सोडला नाही. लोकर पिंजायचं काम मामीचं, तेही हातानं, आणि त्यापायी तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. सरकारी योजनेतून पिंजण्याचं यंत्र मिळालं तर माग चालणार, नाहीतर बंद. एवढीच गोष्ट होती, पण त्या घराला ती फार मोठी होती.

पिशवी भरत होते तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू डोकावल्या. आईनं नेहमीच्या चपळाईनं शिलाई मशीनवर चादर टाकली आणि वर फुलदाणी ठेवली. तिनं शिवलेल्या ब्लाउजांवर आमचं निम्मं घर चालायचं, पण आल्यागेल्याला ते दिसता कामा नये असा तिचा खाक्या.

स्वारगेटहून सासवड, जेजुरी, मोरगाव करत एसटी बारामतीला जायची. कुणी त्या वाटेनं जाणार असाल तर जुना सल्ला देते: सुटे पैसे जवळ ठेवा. कंडक्टर उरलेले पैसे तिकिटामागे लिहून देतो आणि उतरताना दोघंही विसरतात. जेजुरीला गाडी थांबली की भेळ घ्यायची, पण खिडकीतूनच. खाली उतरलात तर जागा गेली म्हणून समजा.

बारामतीच्या स्टँडवर मामा धुतलेलं धोतर नेसून उभे. तिथून आम्ही थेट मंडपात गेलो. बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांतल्या लहान धंदेवाल्यांसाठी सरकारी माहिती मेळावा होता. कुंभार, चांभार, पिठाची गिरणी टाकू पाहणारे, पापड करणाऱ्या बायका, सगळे सतरंजीवर. कुठल्या धंद्याला काय मदत, अर्ज कुणाकडे द्यायचा, शिकायला कुठं पाठवतात, हे इंदापूरचे उद्योगाचे विस्तार अधिकारी माईकवरून सांगत होते. माणूस तरुण होता, आवाज बसलेला, तरी तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी चिडत नव्हता. मला तो आवडला.

मामांना ते म्हणाले, "तात्या, परवा सकाळी येतो शेळगावला. धंदा चालू दिसला पाहिजे. वर्षअखेर आहे, पुन्हा फेरी व्हायची नाही."

"व्हय साहेब, या की. जेवायलाच या," मामा म्हणाले. त्यांच्या डोक्यात तेव्हाच स्वयंपाक सुरू झाला असणार.

बारामती–इंदापूर रस्ता तेव्हा अरुंद होता आणि साखर कारखान्यांचा हंगाम चालू. काटेवाडी सोडली की उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी गोगलगाय होते. लासुर्णे, जंक्शन ही गावं करत शेळगावला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. मामीनं डाव्या हातानं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. उजवा वर जातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं मला इंदापूरला पिटाळलं. "साहेबाला काय पितळीत च्या द्यायचा? कपबशा आन जा." कपबशा घेतल्या, बाजार फिरले, स्टँडसमोर झणझणीत मिसळ खाल्ली आणि दुपार कलल्यावर परतले.

ओसरीत पाऊल टाकलं आणि हातातली पिशवी सुटता सुटता राहिली. माग नव्हता! विणताना पाय सोडून बसायचा खड्डा मातीनं बुजवलेला, वर शेणानं सारवलेलं, त्यावर रांगोळी. मागाची लाकडं गोठ्यात. कोपऱ्यात नव्या घोंगड्यांची चळत आणि मधोमध शेजाऱ्यांकडून आणलेली खुर्ची.

"मामा, हे काय केलंत?"

"आगं, साहेब बसायचा कुठं? पावना आला की माग उचलायचा. तुझ्या आईच्या लग्नात उचलला, तुझ्या बारशात उचलला. पावन्याला कामाच्या पसाऱ्यात बसवत्यात व्हय?"

मी डोक्याला हात लावला. पण मामांचा चेहरा इतका प्रसन्न की पुढं बोलवेना. वाटलं, घोंगड्या आहेत ना, भागेल.

भागलं नाही. सकाळी साहेब मोटारसायकलवरून आले, खुर्चीकडे बघितलं, घोंगडी हातात घेऊन वाखाणली आणि विचारलं, "माग कुठाय?"

"गोठ्यात हाय, साहेब. तुमच्यासाठी जागा केली."

"तात्या, घोंगड्या बाजारातून पण आणता येतात. चालू माग बघितल्याशिवाय मी काय लिहू?" त्यांनी चहालाही नको म्हटलं. गाडीला किक मारता मारता मात्र थांबले. "लासुर्ण्याला एक काम आहे. संध्याकाळी याच वाटेनं परत जाईन."

मामा खुर्चीवर टेकले. त्या खुर्चीत बसलेलं घरचं माणूस ते पहिलंच. मामी कुदळ घेऊन आली. तेव्हा मामा उठले.

मग काय, रांगोळीवरच पहिला घाव. मी माती उपसली, मामांनी लाकडं बसवली. पण उचलताना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पार गुंतला होता. तो सरळ करायला लांबच लांब जागा लागते. अंगण पुरेना, म्हणून खुंट्या ठोकून ताणा थेट रस्त्यापलीकडे नेला. मामा आणि मी दोन बाजूंनी धागे सोडवत होतो, मामी डाव्या हातानं कुंचा घेऊन चिंचोक्याची खळ लावत होती.

तेवढ्यात उसाच्या बैलगाड्या आल्या. पहिला गाडीवान ओरडला, "ओ तात्या, रस्ता हाय का मागाचं घर हाय ह्ये?"

"थांब की जरा! तुटला तर तू विणशील का?"

एकामागं एक गाड्या तुंबल्या. बैल निवांत ऊस ओढून खाऊ लागले. मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला आणि गाड्यांच्या फटीतून वाट काढत साहेब ताण्यापाशी येऊन थांबले. पुढं जायला वाटच नव्हती.

मामांचे हात खळीनं बरबटलेले. ते ओशाळून म्हणाले, "पसारा झालाय, साहेब. माफ करा."

साहेबांनी ताण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "अहो, हाच बघायला तर सकाळी आलो होतो," म्हणाले आणि गाडी स्टँडवर लावली. मग जेवले, खुर्ची सोडून खड्ड्यात पाय सोडून. मामा वाढताना पुटपुटतच होते, "कुठं बसवलं बघा तुमाला!"

यंत्र यायला पुढं दोन पावसाळे गेले. सरकारी काम ते. पण आलं. मामीचा खांदा पूर्ववत झाला नाही, तरी वेणी घालायला हात वर जाऊ लागला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "दादा म्हणजे ना! अगदीच भोळा बाई!"

इतक्यात दार वाजलं. वरच्या काकूच होत्या. आईचा हात चादरीकडे गेला. मी नुसती बघत राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चादर घडी करून बाजूला ठेवली.

काकू आत आल्या आणि मशीनपाशीच थबकल्या. "अय्या, तुम्ही शिवता? एवढी वर्षं वरखाली राहतोय आणि मी ब्लाउज टाकायला पार मंडईपर्यंत जाते!"

आईनं मशीनवरचे कपडे सारून स्टुलावर जागा केली आणि म्हणाली, "बसा. पसारा आहे जरा."