मशीन बंद असतानाचा मुक्काम

भंडारा जिल्ह्यात लोक वाघ बघायला जातात. मी गेले मैत्रिणीचं सासर बघायला. वंदना नाकाडोंगरीच्या पुढच्या एका गावात असते. 'बसनं ये' असं तिनं शंभरदा बजावलं होतं, पण मी नाशिकहून रेल्वेनं जाऊन भंडारा रोड स्टेशनवर पांढरी गाडी केली, चालकासकट. तुमसरपर्यंत रस्ता झकास, पुढे कंबरडं ढिलं होतं. फाट्यावर चहा प्यायले. चहावाला माझ्याकडे बघेचना, नुसता गाडीकडे बघत होता.

गाव जवळ येऊ लागलं तशी झाडं धुळीनं राखाडी होत गेली. साग कुठला, पळस कुठला, कळेना. काचा बंद होत्या तरी गिट्टीच्या क्रशरचा खडखडाट ऐकू येत होता. आम्ही गावात वळलो आणि तो एकदम थांबला.

वंदनाच्या दारात उतरले, तर गल्लीतल्या बाया धुणं घेऊन बाहेर आलेल्या. भराभर चादरी दोरीवर पडत होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगते, मला भीती वाटली.

"तुले सरकारी मॅडम समजले," वंदना म्हणाली. "पांढरी गाडी दिसली का फाट्यावरून फोन जाते, अन् मशीन बंद."

"मग तक्रार करा ना!"

"करतो ना. तक्रार केली तं साहेब येते. मशीन बंद दिसते. हवा चांगली हाय, लिहून जाते."

जेवायला भात आणि तळ्यातल्या मासळीचं झणझणीत कालवण होतं. सासूबाईंना दमा, त्या भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपतात. त्या दुपारी मात्र आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या. इतक्या गाढ, की वंदना दोनदा नाकाशी हात धरून आली.

सकाळी निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "आणखी राहजो वं बाई. तू हायेस तवर मले दम घेता येते."

मला कामावर हजर व्हायचं होतं. निघाले. गाव संपेपर्यंत खडखडाट सुरू झाला होता. मी मागे बघितलं नाही.

घरी येऊन रागारागानं ऑनलाइन तक्रार ठोकली. उत्तर आलं, 'प्रदूषण आढळले नाही.' वंदनाला फोन लावला तर ती खूश!

"साहेब आले होते. सासूबाई काल आडव्या झोपल्या वं! पुन्हा टाक ना."

तेव्हापासून टाकते आहे. मात्र एका वेळी एकच. दोन टाकल्या, तर साहेब दोन्ही एकाच फेरीत उरकतात.