आधी बाटलीचा वास घ्या

रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावरचा सकाळचा फेरा संपवून मी घरी निघालो होतो, तेवढ्यात आमच्या जुन्या विद्यार्थिनीचा, मानसीचा फोन आला. "सर, जाधव सर गेले." ती म्हणाली, "सकाळी घावणे खाल्ले, चहा मागितला आणि खुर्चीतच..." मी तिथेच कठड्यावर बसलो. त्याला आता महिना होत आला. रडून झालं. पण खरं सांगतो, या माणसाच्या आठवणी काढायला बसलं की पाच मिनिटांत हसूच येतं. आज तेच लिहायचं आहे.

रत्नागिरीपासून तासाभरावरच्या एका गावातल्या हायस्कुलात आम्ही वीस वर्षं बरोबर होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. "काय पाध्ये, आज कुठला अलंकार?" असं ते रोज विचारायचे आणि मी रोज चिडायचो. शाळेच्या खालच्या अंगाला गावाचं तळं. एका वर्षी त्याच्यावर हिरवी साय धरली, काठाला मासे मरून पडायला लागले, वर्गाच्या खिडक्या उघडायची सोय राहिली नाही. गावाने निकाल देऊन टाकला, की हे काम टेकाडावरच्या काजूच्या कारखान्याचं. जाधव सर म्हणाले, "आधी तपास, मग निकाल." आणि त्यांनी नववीच्या वर्गाला कामाला लावलं. प्रत्येकाने घरून एक बाटली आणायची, तळ्याच्या ठरलेल्या जागी भरायची, नंबर घालायचा आणि वहीत लिहायचं.

प्रयोगशाळेत निळे लिटमस कागद एकामागून एक लाल होत गेले. पाण्याला तांबूस झाकही होती. पोरं नाचायलाच लागली, "ॲसिड हाय सर, ॲसिड!" मलाही चेव आला. ग्रामपंचायतीला द्यायचं पत्र मी लिहिलं, आणि असं लिहिलं की त्यात 'विषवल्ली' हा शब्द दोनदा आला. पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती आणि कारखान्याचे मालकही येणार होते. एकट्या मानसीचा कागद तेवढा निळाच राहिला होता. "तुझा कागद जुना असेल," मी म्हटलं. पण पोरगी हट्टी. "कागद नाय वो सर. माझी बाटली दुकानातल्या पाण्याची हाय, बाकीच्यांनी घरातल्या आणल्यान." हे ऐकून जाधव सरांनी एक बाटली उचलून नाकाला लावली. मग दुसरी. तिसरीला त्यांचे खांदे हलायला लागले. "पाध्ये, घ्या, वास घ्या." घेतला... कोकमाचं आगळ, सोलकढीत घालतात तो आंबटढाण लाल रस! आमच्याकडे घरात रिकामी बाटली सापडली तर ती आगळाचीच असायची, आणि पोरांनी ती तळ्याच्याच पाण्याने एकदा खळखळवून भरली होती. म्हणजे आम्ही गावाचं आगळ तपासलं होतं आणि कारखान्याला फासावर चढवायला निघालो होतो. सर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मी म्हटलं, उद्या गप्प बसू, विषय आपोआप मागे पडेल. त्यांनी ऐकलं नाही. ग्रामसभेत उभे राहिले, झालेली चूक पहिल्यापासून सांगितली आणि मालकांची हात जोडून माफी मागितली. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. कोणीतरी ओरडलं, "मास्तर, आता सोलकढी पाजा!" माझी मान काही वर होईना. सर मात्र म्हणाले, "पाजतो, पण तपास संपल्यावर." घरी जाताना ते मला म्हणाले की आता पुन्हा चुकलो किंवा काही लपवलं, तर या पोरांचं म्हणणं गावात कोणी कधी ऐकणार नाही. त्यांना घोर होता तो एवढाच.

बाटल्या गरम पाण्याने धुऊन, वास घेऊन पुन्हा भरल्या. या खेपेला कागद लाल झाले नाहीत. मग घाण येते कुठून? सरांनी युक्ती काढली. शिमग्याचा उरलेला रंग आणला. काठावरच्या पाच घरांच्या संडासात एकेक करून रंगाचं पाणी ओतायचं आणि दोन-तीन दिवस पोरांनी काठावर नजर ठेवायची. रंग तळ्यात उतरला, तर त्या घराची टाकी फुटकी. चार घरांचा रंग कुठेच दिसला नाही. पाचवं घर सरांचं. तिथे त्यांनी स्वतःच रंग ओतला आणि शीळ घालत शाळेत आले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मानसी माझ्याकडे आली. तोंड एवढंसं झालेलं. "सर, गुलाबी पानी इला. जाधव सरांच्या फणसाखाली." आणि मी, वर्षानुवर्षं मुलांना सत्याचे सुविचार फळ्यावर लिहून देणारा माणूस, तिला म्हणालो, "राहू दे गो. पावसात जाईल धुऊन." आज लिहितानाही लाज वाटते. तिने माझं ऐकलं नाही. तडक प्रयोगशाळेत गेली, मी तिच्या मागोमाग. तिने सांगितलं आणि रडायला लागली. सरांनी विचारलं, "वहीत लिहिलंस काय गो बाय?" "नाय सर." "मग आधी लिही. माझं नाव नीट लिही, खाडाखोड नको."

पुढच्या ग्रामसभेत ते पुन्हा उभे राहिले. "चोर सापडला," म्हणाले, "मीच तो. माझ्या आजोबांना या तळ्याचं पाणी लांबून, वरून ओंजळीत ओतायचे. त्यांच्या नातवाचं घर आज या तळ्याच्या काठावर आहे, आणि त्यानेच ते नासवलं." त्या दिवशी कोणी हसलं नाही. मागून एकजण उठला, "आमची मोरी पन तळ्यातच जातंय, मास्तर." मग दुसरा उठला. टाकीचं काम महिनाभर चाललं. तोवर सर रोज सकाळी बादली घेऊन शाळेच्या संडासाकडे निघायचे, पोरं मुद्दाम वाटेत उभी राहून "नमस्ते सर!" म्हणायची आणि सर बादली उंचावून नमस्ते करायचे. तळं निवळायला दोन पावसाळे गेले. मग त्यांनी शब्द पाळला आणि अख्ख्या ग्रामसभेला सोलकढी पाजली. मी चार पेले प्यायलो.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी नववीचा वर्ग तळ्याचं पाणी भरतो. सरांचे नियम दोनच. आधी बाटलीचा वास घ्यायचा आणि पहिली बाटली त्यांच्या घरामागे भरायची. निवृत्त झाले तरी ते त्या दिवशी फणसाखाली हजर असायचे. मानसी आता रत्नागिरीत पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथेही ती आधी बाटली हुंगते, आणि लोक तिला हसतात.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर आलेल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी गावात गेलो. मानसीही रजा काढून आली होती. नववीची पोरं बाटल्यांची पिशवी घेऊन सरांच्या घराजवळ घुटमळत होती, पुढे जायचा धीर कोणाला होईना. घरात दुःख आहे, आज मागच्या दारी कसं जायचं... मी आपला माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, "आजच्या दिवस ही जागा राहू दे. पुढच्या महिन्यात भरू."

तेवढ्यात मागचं दार उघडून जाधव वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या हातात बाटली होती, बूच काढलेली. ती त्यांनी नाकाशी धरली आणि पुढच्या पोरीच्या हातात दिली.

"आगळ नाय," म्हणाल्या. "भर. पहिली आमची."